जॉकीच्या टोपीचा चमचा

चेन्नईत घर शोधत मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा सवयीनं "काका" अशी हाक मारली. आतून एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ लुंगीसारखी वेष्टी सावरत बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हात वर करून मला गप्प केलं.

"काका म्हणूं नका अम्मा. ह्या गल्लींत काका म्हणजे कावळा. आणखी एकदां ओरडलांत तर शेजारचे भात घेऊन गच्चीवर जातील."

"मग काय म्हणू?"

"मामा म्हणा. मामा दोन्हीं भाषांत चालतो."

बँकेनं माझी बदली चेन्नईला केली होती. मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत वरची एक खोली भाड्यानं मिळेल आणि घरमालक मराठी आहेत, एवढं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. मराठी खरे, पण तंजावरचे. त्यांच्या पूर्वजांनी जी मराठी तिकडे नेली ती त्यांनी तशीच जपली होती आणि वर तमिळचा हेल चढवला होता. माझं बोलणं त्यांना पेपर वाचून दाखवल्यासारखं वाटे. "तुमची मराठी फार धावते," असं ते म्हणत.

त्या दिवशी भाड्याचं काही बोलण्याआधी मामांनी मला खुर्चीवर बसवलं, समोर एक घडी केलेला रुमाल ठेवला आणि तो उलगडला. आत काळपट चांदीची एक बोटभर वस्तू होती. पुढं खोलगट पान आणि मागं आखूड वळलेला देठ.

"हें काय?"

मी उलटसुलट करून पाहिलं. "संध्येची पळी का? दांडा मोडलेली?"

मामांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस काय? संध्येची पळी म्हणतात!" ते आत ओरडले. आतून मामींचा आवाज आला, "तिला घर द्या आणि सोडा. जेवणाची वेळ झाली."

मला खोली मिळाली. पुढं कळलं की माझ्या आदल्या दिवशी ओरगडमच्या मोटारीच्या कारखान्यातला एक इंजिनिअर येऊन गेला होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढून क्षणात बरोबर उत्तर दिलं होतं. त्याला मामांनी नकार दिला. "ज्याला सगळं खिशांत सांपडतं, त्याच्याशी संध्याकाळीं काय बोलायचं?" असं त्यांचं म्हणणं.

बरोबर उत्तर असं होतं. फार पूर्वी इंग्लंडात चहा इतका महाग होता की घरची मालकीण तो कुलूप लावलेल्या पेटीत ठेवायची. नोकरांच्या हाती किल्ली जायची नाही. पाहुणे आले की पेटी टेबलावर यायची आणि मालकीण स्वतः पत्ती मोजून किटलीत टाकायची. पेटीत मावावा म्हणून त्या मोजायच्या चमच्याचा दांडा आखूड असे. सोनारांनी मग त्या एवढ्याशा चमच्यात आपली सगळी हौस फेडली. कुणी शंखाचा केला, कुणी पानाचा, कुणी गरुडाच्या पंखाचा, कुणी खोलगट तळहाताचा. साहेब लोकांबरोबर ते चमचे मद्रासला आले आणि साहेब गेले तेव्हा पुष्कळ इथंच राहिले. रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरी करता करता मामांनी ते गोळा करायला सुरुवात केली होती. दिवाणखान्यातलं काचेचं कपाट त्यांनी भरलं होतं.

आणि ह्या माणसानं जन्मात चहा प्यायला नव्हता. त्या घरात कॉफी होती. चहा हा ताप आलेल्या माणसानं घ्यायचा काढा आहे, असं दोघांचंही मत होतं.

एकदा मी सहज म्हटलं, "मामा, एक चमचा मला वर द्या ना. माझ्या चहाच्या डब्यात ठेवते."

ते दचकले. "अय्यो! चहाची पूड लागेल कीं त्याला!"

"मामा, तो चमचा कशाचा आहे?"

"चहाचा."

"मग?"

"मग काय? म्हणून त्याला चहा लावायचा?"

मी वर जाऊन स्टीलच्या चमच्यानंच पत्ती टाकली.

कपाटात जे मावत नव्हतं ते घरभर पसरलेलं होतं. टोस्ट उभे करायच्या चांदीच्या घोडीत विजेची बिलं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या उभ्या असत. अंडी ठेवायच्या नाजूक कपांत मामी देवापुढं कुंकू आणि विभूती ठेवत. ह्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. मासे कापायच्या सुऱ्यांनी पाकिटं फोडली जात. सगळ्यांत कडी म्हणजे लोणच्याच्या बरणीतला चमचा. लांब, अरुंद, पन्हळीसारखा. मामी त्यानं बरणीच्या तळातून खारातल्या बाळकैऱ्या काढत आणि कौतुक करत, "ह्यांनी आणलेल्यांत हा एकच कामाचा." एकदा मामी आत गेल्यावर मामा माझ्या कानाशी आले. "तो हाडांतली मज्जा काढून खायचा चमचा आहे," ते कुजबुजले. "तिला सांगूं नका. तिचा आवडता आहे."

मी सांगितलं नाही. कैऱ्या फार चांगल्या लागत.

मामांच्या गळ्यात जानव्याबरोबर काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असे, घड्याळजी वापरतात तसलं. चांदीची वस्तू दिसली की ते ती उलटी करून डोळ्याशी धरत. मागे बारीक ठसे असतात, ते ते पत्रिकेसारखे वाचत. सिंह म्हणजे चांदी खरी. राजाचं डोकं म्हणजे कर भरलेला. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम.

"बर्मिंगहॅमला समुद्र आहे का, मामा?"

"नाहीं. मैलापूरचं नांव मोरावरून पडलं. तुम्हीं इथं मोर पाहिलांत? तसंच तें."

एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला एक मुलगी चांदीची गुलाबदाणी घेऊन उभी होती. मामांनी ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली, उलटी केली आणि भिंग लावलं. आतलं सगळं गुलाबपाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं, मागं पाहुण्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि नवऱ्या मुलाचे वडील काय झालं म्हणून धावत आले. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून जाहीर केलं, "बेष! आजोबांची आहे ना? नातवाला देऊं नका, विकून टाकेल." नातू म्हणजे नवरा मुलगा. तो शेजारीच उभा होता. जेवून निघेपर्यंत मामांच्या अंगाला गुलाबाचा वास येत होता आणि मामी त्यांच्यापासून चार हात लांब चालत होत्या.

मामांना जगात एकच माणूस बरोबरीचा वाटे, आणि त्याच माणसाशी त्यांचं वैर होतं. तांबरमला राहणाऱ्या, असेच चमचे जमवणाऱ्या एक निवृत्त अँग्लो-इंडियन शिक्षिका. मामा त्यांना "मिस" म्हणत. मिस त्यांना "स्टेशनमास्टर" म्हणत. मामा आयुष्यात कधी स्टेशनमास्टर नव्हते, हे त्यांनी पुष्कळदा सांगून पाहिलं होतं.

पल्लावरमला शुक्रवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो. मिस तांबरमहून येत, मामा मैलापूरहून. बँकेला सुट्टी असलेल्या एका शुक्रवारी मामा मलाही घेऊन गेले. जुने पंखे, पिंजरे, टाइपरायटर, फुटक्या बाहुल्या, कबुतरं, सगळं रस्त्याच्या कडेला मांडलेलं. मामा एकाही वस्तूकडे पाहत नव्हते, ते मिसना शोधत होते. मिस दिसल्या. फुलाफुलांचा झगा, डोक्यावर मोठी टोपी, हातात काठी. एका ढिगाऱ्यापुढं वाकलेल्या.

"काय सांपडलं?" मामांनी तमिळमध्ये विचारलं.

"काही नाही," मिस म्हणाल्या आणि काठी त्या ढिगाऱ्यावर आडवी ठेवली.

मग दोघंही तिथंच बसली. एकमेकांवर डोळा ठेवून ढिगारा उपसत राहिली. शेवटी दोन बाजूंनी एकच साखरेचा चिमटा ओढला गेला, आणि त्यावर मुलामा आहे हे एकाच वेळी कळून दोघांनी एकाच वेळी तो सोडला. परत येताना गाडीत मामा इतके खुशीत होते, की त्यांच्या हाती काहीच लागलं नाही हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

ह्या वैरात मामांची बाजू वरचढ होती ती एका चमच्यामुळं. जॉकीच्या टोपीचा चमचा. घोड्यांच्या शर्यतीत जॉकी घालतात तसली पुढं झडप असलेली टोपी उलटी केली की जो आकार होतो, तो. तो फार क्वचित मिळतो. शहरातल्या एका दुकानात मिस तो हातात घेऊन पाहत असताना मामा तिथं पोचले होते. मिसनी तो क्षणभर काउंटरवर ठेवला, आणि मामांनी तो उचलला. त्या गोष्टीला माझ्या येण्याआधी पुष्कळ वर्षं होऊन गेली होती, पण मामा ती आदल्या दिवशी घडल्यासारखी सांगत. कपाटात तो चमचा मधल्या फळीवर, मखमलीच्या तुकड्यावर एकटा बसलेला असे. मिस फोनवर काही टोचून बोलल्या की मामा एवढंच म्हणत, "मिस, तुमच्याकडे टोपी आहे काय?" आणि फोन ठेवून देत.

एका संध्याकाळी मी बँकेतून आले तर मामा दिवाणखान्यात दिवा न लावता बसले होते. मामी भजनाला गेल्या होत्या. मी दिवा लावला. त्यांच्यापुढं जॉकीच्या टोपीचे दोन चमचे होते.

"दुसरा मिळाला? मामा!"

"बसा अम्मा. दोन्हीं पाहा."

मी दोन्ही पाहिले. अगदी सारखे. झडपेच्या कडेला एक बारीकसा पोचा होता. दोन्हींना, त्याच जागी. ठशातल्या नांगराच्या एका टोकावर एक ओरखडा होता. तोही दोन्हींना.

"एकाच सोनारानं केले असतील," मी म्हटलं.

"सोनार दोन चमचे करील. पोचा कोण करतो? पोचा पडतो. दोन चमचे एकाच जागीं, एकाच रीतीनं पडतात काय?" त्यांनी भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. "सांचा आहे. कोणी तरी एका खऱ्या चमच्याचा सांचा काढला आणि ओतत बसला. माझाही त्यांतलाच, ठसे दोन्हींचे सारखेच बोथट. हा दुसरा आज एका दुकानांत दिसला. मीं लागलीच विकत घेतला."

"खोटा आहे हे कळूनही?"

"तिथं ठेवला असता तर मिसनी पाहिला असता."

दुसरा चमचा त्यांनी देवांच्या तसबिरींमागं लपवला. पहिला मखमलीवर परत गेला. त्यानंतर मिसचा फोन आला की मामा टोपीचं नाव काढेनासे झाले. मिसना त्याचं नवल वाटत असावं. एकदा त्यांनी मामींना विचारलं, "स्टेशनमास्टरांची तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या उन्हाळ्यात मिसनी फोन करून सांगितलं की त्या तांबरमचं घर सोडून ऑस्ट्रेलियाला, पर्थला भाच्याकडे कायमच्या चालल्या आहेत. मामांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दुपारचं जेवण अर्धं टाकून उठले. मामींनी विचारलं तर म्हणाले, "उकाडा आहे." चेन्नईत मे महिन्यात उकाडा असतोच, त्यामुळं पुढं कुणी काही विचारलं नाही.

जायच्या आधीच्या रविवारी मिस रिक्षानं मैलापूरला आल्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"सामान पाठवणाऱ्या कंपनीनं सांगितलं, शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे मी जाऊ शकते, माझे चमचे नाही."

"तुम्हीं शंभरच्या आंत आहांत म्हणून सोडतात," मामा म्हणाले.

"थोडक्यात वाचले," मिस म्हणाल्या. "हे तुमच्याकडे ठेवा. पण एक अट आहे. काचेच्या मागं टाकायचे नाहीत. मी रोज चहा करते तो ह्यांतल्याच एकानं. आज एक, उद्या दुसरा. तसं झालं पाहिजे."

मामांनी डबा उघडायला पुढं केलेला हात मागं घेतला. "चहा? ह्या घरांत?"

"ते चहाचे चमचे आहेत, स्टेशनमास्टर."

"झिजतील."

"झिजू देत. मीही झिजले."

"मग मला नको," मामा म्हणाले आणि त्यांनी डबा मिसकडे सरकवला. मिसनी तो परत सरकवला. मामांनी पुन्हा ढकलला. दोघांचेही चेहरे लाल झाले होते. इतकी वर्षं भांडण म्हणजे खेळ होता, आज तो खेळ वाटत नव्हता. मिसनी खुर्चीला टेकवलेली काठी उचलली. त्या खरंच उठून जातील आणि ही दोघं पुन्हा कधी भेटणार नाहीत, अशी मला भीती वाटली.

मामी आतून कॉफीचे पेले घेऊन आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पेले खाली ठेवले आणि म्हणाल्या, "वरती एक चहा पिणारी आहे कीं."

तिघंही माझ्याकडे वळली.

"मी रोज पिते," मी म्हटलं. "दोनदा."

"सरी, चालेल," मामा म्हणाले, आणि मिसनी डब्यावरचा टॉवेल सोडून टेबलावर पसरला.

मिस डबा उघडून एकेक चमचा टॉवेलावर मांडू लागल्या. पान, पंख, तळहात, शिंपला. मामा पाहत होते, पण आनंदानं नव्हे. मधेच ते उठले. कपाट उघडून त्यांनी मखमलीवरची टोपी काढली, देवांच्या तसबिरींमागून दुसरी आणली, आणि दोन्ही मिसच्या पुढ्यात ठेवल्या.

"मिस, तुमचे सगळे खरे आहेत. माझा हा खोटा. सांच्यांतला. हा दुसराही. कळल्यावरही मीं तुम्हांला सांगिटलं नाहीं. हें न सांगतां तुमचे चमचे घेतले तर मजला झोंप लागायची नाहीं."

तमिळमध्ये बोलायला सुरुवात करून ते मधूनच मराठीत गेले होते. मला वाटलं मिसना कळलं नसेल. पण त्यांनी त्या टोप्या पाहिल्या आणि त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग डोक्यावरची टोपी खाली पडेपर्यंत.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कोणत्या दिवशीं?"

"दुकानात. माझ्या हातात होता तो. मागचा सिंह पाहिला मी. सिंह कसला, पावसात भिजलेलं मांजर! म्हणून तर काउंटरवर ठेवला. तुम्ही आलात आणि झडप घातलीत."

मामा खाली बसले. "मग मला अडवलं कां नाहींत?"

"अडवणार होते. पण तुम्ही इतके खूश झालात की पुढचा महिनाभर बाजारात फिरकलाच नाहीत. घरी बसून लोकांना टोपी दाखवत होतात. त्या महिन्यात मला हा मिळाला." त्यांनी शिंपल्याचा चमचा उचलला. मामा जन्मभर ज्याच्या मागं होते तो.

मामांचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्यांदा मामी हसल्या. पदर डोळ्यांना लावून, भिंतीला टेकून. मग मी. शेवटी मामाही हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मिसनी त्यांना त्यांचीच कॉफी पाजली.

निघताना मामांनी एक खोटी टोपी मिसच्या हातात ठेवली. "हा शंभर वर्षांचा नाहीं. कालपरवांचा आहे. ह्याला विमानतळावर कोणी अडवणार नाहीं."

मिसनी चमचा उलटा केला, ठशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चल रे मांजरा." रिक्षा कोपऱ्यावरून वळली तरी मामा फाटकाशी उभे होते.

त्यानंतर मामांनी बाजाराला जाणं सोडलं. रोज संध्याकाळी, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीही, ते मिसच्या डब्यातला एक चमचा घेऊन वर येत, माझ्या डब्यातली पत्ती स्वतः मोजून टाकत, चमचा रुमालानं पुसत आणि मी चहा पीत असताना समोर बसून राहत. एकदा घोटभर त्यांनीही घेतला. "ताप नसतांना हें पितांत?" एवढंच म्हणाले. शुक्रवार आला की घरातल्या घरात फेऱ्या मारत. मामींनी एकदोनदा पिशवी आणि छत्री त्यांच्यापुढं आणून ठेवली. ते म्हणाले, "एकटा जाऊन काय करूं? कोण आहे तिथं?"

एका गुरुवारी सकाळी मी बँकेत निघाले होते तेव्हा मामींच्या मोबाइलवर मिसचा व्हिडिओ कॉल आला. मला थांबवून मामींनी फोन माझ्या हातात दिला, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. पडद्यावर आधी मिसचा कान दिसला, मग छत, मग एक लांबलचक टेबल. चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री होती. एका ताटलीत चमच्यांचा ढीग, आणि त्यात अर्धवट बाहेर आलेलं काहीतरी आखूड दांड्याचं.

मामा कॉफी टाकून धावत आले. "तो! डावीकडचा! उलटा करा! मिस, ठसा दाखवा!"

"ओरडूं नका, त्यांना ऐकूं येतं," मामी म्हणाल्या.

मिसच्या बोटांनी चमचा उचलला, उलटा केला. पडद्यावर सगळं धूसर झालं, मग क्षणभर स्पष्ट. मामांनी भिंग मोबाइलला लावलं.

"सिंह आहे!" ते किंचाळले. "नांगर आहे! खरा आहे! माझ्यासाठीं ठेवायला सांगा! मिस, मी घेतों!"

तिकडे थोडी खुडबुड झाली, कुणाशी तरी बोलणं झालं. मग मिसचा चेहरा पडद्यावर आला, मोठ्या टोपीखाली, अतिशय गोड.

"उशीर झाला, स्टेशनमास्टर. मी घेतला."

फोन बंद झाला. मामा तसेच उभे राहिले, भिंग हातात धरून. मामींनी माझ्याकडे पाहिलं, मी मामींकडे.

"चोर बाई!" मामा म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं, "चोर बाई! पाहिलंत? डोळ्यांदेखत!" आणि टाकलेली कॉफी एका दमात पिऊन त्यांनी मामींकडे आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी खाली उतरले तर मामा दारात चपला घालत होते. काखेत छत्री, हातात पिशवी.

"कुठं निघालात, मामा?"

"पल्लावरम," ते म्हणाले. "त्या तिकडे लुटत सुटल्या आहेत अम्मा, मी इथं हात बांधून बसूं काय?"

आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ते स्टेशनच्या दिशेनं इतक्या झपाट्यानं निघाले, की मामींना डब्यातला दहीभात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्यामागं पळावं लागलं.